कोयत्याआधी मोज्यांचा विचार करा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही पडताळता येईल. वय ३८, नोकरी बैठी, पण डोंगरातले ट्रेक भरपूर झालेत. आता दहा दिवसांच्या वर्षावन मोहिमेला जायचं मनात आहे. पहिले तीन दिवस तळावर शिकवणी, मग पाच दिवस चाल आणि शेवटच्या दोन रात्री 'सर्व्हायव्हल', म्हणजे कोयता, काडेपेटी, पाण्याचं भांडं आणि अंगावरचे कपडे एवढ्यावर काढायच्या. तुम्ही विचारलंय की कोयता कुठला घ्यावा, सापांचं काय करायचं आणि निघण्याआधी घरी कुठली कौशल्यं शिकून ठेवावीत. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारल्यासारखं: मला जमेल ना?

खरा प्रश्न तो शेवटचाच आहे असं मी धरून चालते. कोयत्याचं उत्तरही देईन, पण बरंच खाली.

मी सोळा वर्षं असे गट जंगलात नेते. बहुतेक काम बोर्निओ या आग्नेय आशियातल्या बेटावर, मधले काही हंगाम पश्चिम अ‍ॅमेझॉनमध्ये. या काळात ज्यांना अर्ध्यावरून परत पाठवावं लागलं, त्यांत साप चावलेलं एकही माणूस नव्हतं. कुणाचे तळपाय सोलवटले, कुणाचं पोट बिघडलं, कुणी सावलीत चालूनही उष्म्याने कोसळलं, एकाने स्वतःच्याच गुडघ्यावर कोयता मारून घेतला. आणि बरेच जण असे, की ज्यांना बाहेरून काहीच झालं नव्हतं, पण चार दिवस सतत ओलं राहून ते आतून विझले. शंभर मीटर चालून बसायचे, जेवायला सांगितलं तरी नको म्हणायचे. वर्षावनात माणसाला हरवते ती ओल. ती कशी सांभाळायची हे ज्याला जमतं, त्याला बाकीचं तिथे गेल्यावर शिकवता येतं.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते सांगते, कारण 'वर्षावन' हा एकच शब्द आपण फार वेगवेगळ्या जागांना लावतो. बोर्निओच्या आतल्या भागात चढउतार खूप, जळवा असंख्य, आणि वेताच्या वेली सगळीकडे. त्यांचे मागे वळलेले काटे बाहीत अडकले की पुढे ओढून सुटत नाहीत, एक पाऊल मागेच यावं लागतं. अ‍ॅमेझॉनच्या सखल भागात चढ जवळजवळ नाही, पण पाणी अफाट. पावसाळ्यात नदीकाठचं बरंचसं जंगल कमरेइतक्या किंवा त्याहून खोल पाण्यात उभं असतं आणि तिथे स्थानिक लोक गमबूट घालूनच हिंडतात. त्यामुळे बूट कुठले, गेटर (बुटांवरून पोटरीपर्यंत चढवायचं आवरण) हवेत की नकोत, अंगात ताकद किती हवी, याची उत्तरं जागा आणि महिना कळल्याशिवाय कुणीही छातीठोकपणे देऊ नयेत. तुम्ही जागा लिहिलेली नाही, म्हणून मी दोन्हीकडे लागू पडेल तेवढंच लिहिते.

डोंगरात तयार झालेल्या माणसाला पहिला धक्का वेगाचा बसतो. डोंगरात खिंड दिसते, शिखर दिसतं, त्या हिशेबाने आपण दम वाटून घेतो. इथे काहीच दिसत नाही. डोक्यावर ३० ते ४५ मीटरवर पानांचं छत, आणि जमिनीपर्यंत पोचणारा उजेड जेमतेम २ टक्के. पायाखाली मुळं, निसरडा चिखल, आडवे पडलेले ओंडके. मळलेली वाट नसेल तर तासाला एक किलोमीटर ही बरी चाल समजायची. दिवसाला पाच किलोमीटर झाले की मी खूश असते. पहिल्या दिवशी नकाशा बघून 'एवढंच?' म्हणणारे दुसऱ्या संध्याकाळी तो उघडतही नाहीत.

दुसरा धक्का अंधाराचा. विषुववृत्ताजवळ वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि संधिप्रकाश वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. छताखाली तर त्याच्या अर्धा तास आधीच काही दिसेनासं होतं. मी साडेतीनला थांबायला सांगते. अजून अंगात जोर आहे, तासभर चालू, असं प्रत्येक गटात कुणी ना कुणी म्हणतंच. तळ लावायला, सरपण गोळा करायला, अंग धुवायला आणि पाय तपासायला दोन तास लागतात, आणि ही सगळी कामं उजेडात झाली तर कुणाला कापत नाही, कुणी पडत नाही. तुमचा वाटाड्या चारनंतरही लोकांना चालवत असेल आणि त्याला तसं सबळ कारण नसेल, तर ती चांगली खूण नव्हे.

तिसरी गोष्ट घामाची. घाम वाळतो तेव्हाच अंग थंड होतं, आणि जिथे हवाच पाण्याने गच्च भरलेली असते तिथे घाम नुसता निथळतो. म्हणून सावलीत, अंगावर ऊन नसतानाही उष्माघात होतो. गडबडीची पहिली खूण मी चेहऱ्यावर शोधत नाही, बोलण्यात शोधते. सकाळपासून बडबड करणारा गप्प झाला, चिडचिड करू लागला, पाय नको तिथे पडू लागला, की मी सगळ्यांना बसवते. पाणी तर प्यायचंच, पण नुसतं पाणी ढोसत राहिलं की रक्तातलं मीठ उतरतं आणि तेही तितकंच घातक. ओआरएसची पाकिटं दिवसाला दोन या हिशेबाने ठेवा, आणि तहान लागायच्या आत घोट घोट घ्या.

आता ओलीकडे येते, आणि इथे जरा रेंगाळणार आहे.

नियम साधा आहे. कपड्यांचे दोन जोड: एक ओला, एक कोरडा. दिवसभर ओला जोड घालायचा. तो घामाने, पावसाने, ओढ्यांनी भिजणारच, त्याला इलाज नाही. संध्याकाळी झोळी (दोन झाडांना बांधून झोपायचा हॅमॉक) टांगून झाली, अंग धुतलं, पुसलं, पायांना पावडर लावली, की कोरडा जोड घालून झोळीत शिरायचं. कोरडा जोड घालून जमिनीवर उतरावं लागलंच तर अनवाणी नाही, हलक्या चपला घालून, आणि लवकर परत. सकाळी कोरडा जोड काढून दोन पिशव्यांत बंद करायचा आणि तोच रात्रीचा गार, चिकट, वास मारणारा ओला जोड पुन्हा चढवायचा.

नियम ऐकताना सगळे मान डोलावतात. अडचण पहाटे साडेपाचला येते. एकदा माझ्या गटात एक कसलेला गिर्यारोहक होता, बर्फात महिने काढलेला, ताकदीने आम्हा सगळ्यांत वरचढ. तिसऱ्या सकाळी त्याने ओल्या शर्टाकडे पाहिलं आणि 'आज पाऊस दिसत नाही' म्हणून कोरडाच जोड घालून निघाला. नऊ वाजता पाऊस. त्या रात्री त्याच्याकडे कोरडं काहीच उरलं नाही. हवा उबदार असली तरी ओल्या कपड्यांत झोळीत पडलं की खालून वारा लागतो आणि दात वाजायला लागतात. तो रात्रभर जागा होता. चौथ्या दिवशी पावलं अडखळू लागली, पाचव्या दिवशी तळपाय पांढरेफटक, सुरकुतलेले, आणि बोट दाबलं की कातडी सरकायची. सहाव्या दिवशी आम्ही त्याला नदीवाटे बाहेर काढलं. एका शर्टाची गोष्ट.

तळपायांना चोवीस तासांतले सहा-आठ तास तरी पूर्ण कोरडं राहायला मिळालं, तर दिवसभराची ओल ते सोसतात. म्हणून झोपायचे मोजे ही तुमच्या सामानातली सगळ्यात मोलाची वस्तू. मी तीन जोड नेते: दोन चालायचे, एक फक्त झोळीतला. संध्याकाळी पाय तपासताना बोटांच्या बेचक्याही बघा. तिथे भेग पडली की दोन दिवसांत बुरशी, चौथ्या दिवशी लंगडणं. हातापायावरचा बारीकसा ओरखडाही त्याच संध्याकाळी साबणाने धुऊन जंतुनाशक लावायचा. डोंगरात आपण ज्याच्याकडे ढुंकून बघत नाही तो ओरखडा इथे चिघळतो.

जळवांबद्दल घाबरवणारं बरंच वाचलं असेल. चावताना कळत नाही, कारण त्यांच्या लाळेने ती जागा बधिर होते. आणि त्याच लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून जळू सुटल्यावरही जखम बराच वेळ वाहत राहते. दिसतं भयंकर, नुकसान फार कमी. मीठ, तंबाखू, पेटती काडी यातलं काहीही लावू नका, त्याने ती पोटातलं जखमेत ओकू शकते. नख कातडीला टेकवून आधी बारीक टोकाकडचा चोषक सरकवून सोडवा, मग दुसरा, आणि टिचकी मारून उडवा. घट्ट विणीचे गुडघ्यापर्यंतचे जळूमोजे मिळाले तर घ्या.

तळ लावताना नवखा माणूस खाली बघतो: जागा सपाट आहे का, मुंग्या आहेत का. आधी वर बघायचं. वर्षावनात रात्री सगळ्यात मोठा धोका वाळक्या फांद्यांचा आणि आतून पोखरलेल्या झाडांचा. पावसाने फांदीवरची बांडगुळं, शेवाळ पाणी पिऊन जड होतात आणि वारा नसतानाही फांदी सुटते. ज्या दोन झाडांना झोळी बांधायची ती जिवंत आहेत ना हे कोयत्याच्या मुठीने ठोकून बघा, आणि आजूबाजूचं एकही वठलेलं झाड झोळीवर पडेल इतकं जवळ नको. मग खाली बघा आणि विचारा, नदी कुठे आहे?

एका हंगामात आम्ही दुपारी एका सुंदर वाळूच्या पट्ट्याजवळ पोचलो. सपाट, स्वच्छ, आंघोळीला पाणी हाताशी. गटातल्या सगळ्यांनी पाठपिशव्या टाकल्यासुद्धा. आमच्याबरोबर त्याच नदीकाठी वाढलेला एक वयस्क वाटाड्या होता. तो काठावरच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा बघत बसला, मग पंधरा मिनिटं चढून वरच्या उतारावर तळ लावायला लावला. लोक कुरकुरले. रात्री आमच्याकडे एक थेंब पडला नाही. सकाळी वाळूचा पट्टा नव्हता. गढूळ पाणी त्याच्यावरून तीन मीटर उंच वाहत होतं. पाऊस वरच्या खोऱ्यात कुठेतरी पडला होता. पुराने मागच्या वेळी कचरा कुठपर्यंत नेऊन ठेवलाय, हे तो झुडपांत वाचत होता.

यावरूनच मला वाटतं की तुमचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय सामानाचा नाहीच, तो माणसांचा आहे. मोहीम ठरवण्याआधी आयोजकांना फोन करा, नुसती माहितीपत्रिका वाचू नका. माझा आवडता प्रश्न असा: 'मागच्या वेळी तुम्ही ठरलेला बेत कधी बदललात, आणि का?' जो म्हणतो 'आमचं आजवर कधीच काही बिघडलं नाही', तो एक तर नवा आहे किंवा खरं सांगत नाही. चांगला आयोजक लगेच दोन प्रसंग सांगतो. मग विचारा की जखमी माणसाला चालीच्या सगळ्यात दूरच्या ठिकाणावरून रुग्णालयात न्यायला किती तास लागतात. 'आमच्याकडे सॅटेलाइट उपकरण आहे' हे याचं उत्तर नव्हे. दाट छताखाली सिग्नल अडखळतो, हेलिकॉप्टरला उतरायला जागा नसते, आणि बरेचदा माणसाला झोळीत घालून होडीपर्यंत चालतच न्यावं लागतं. ते किती माणसं, कुठल्या वाटेने, किती वेळात करतील हे त्यांना पाठ असलं पाहिजे. एका प्रशिक्षकामागे किती लोक? सहाच्या वर मला पटत नाही. स्थानिक वाटाड्ये बरोबर आहेत का, आणि त्यांच्या शब्दाला वजन आहे की ते नुसते ओझं वाहायला आहेत? शेवटच्या दोन रात्री देखरेख किती अंतरावर असेल, आणि कुठल्या परिस्थितीत तुम्हाला तिथून काढतील? हे लेखी मागा. प्रवास विम्यात 'सर्व्हायव्हल प्रशिक्षण' आणि दुर्गम भागातून बाहेर काढण्याचा खर्च धरलाय का, तेही तपासा. साध्या पॉलिसीत या दोन्ही गोष्टी बहुधा वगळलेल्या असतात.

सापांबद्दल थोडक्यात. ते आहेत, पण बहुतेकांना तुमच्याशी काही देणंघेणं नसतं. हात टेकण्याआधी, ओंडका ओलांडण्याआधी आणि बसण्याआधी बघायचं. ओंडक्यावर आधी उभं राहायचं, पलीकडे नजर टाकायची, मग उतरायचं. अंधारात विजेरीशिवाय एक पाऊलही नाही. चावलाच तर धावपळ नको, अंगठी-घड्याळ काढा, तो अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा आणि माणसाला उचलून बाहेर न्या. कापणं, चोखणं, दोरीने करकचून आवळणं यांनी नुकसानच होतं. औषध एकच, अँटिव्हेनम, आणि ते रुग्णालयात. म्हणून वरचा 'किती तास' हा प्रश्न. जाता जाता: अ‍ॅमेझॉनमध्ये सापापेक्षा मी 'बुलेट अँट' या मुंगीला जास्त जपते. झाडाला टेकून उभं राहायची सवय असेल तर सोडा. तिच्या डंखाची कळ चोवीस तास राहू शकते.

पाण्याचं दुखणं मात्र खरंखुरं आहे. पाणी खळखळून एक मिनिट उकळलं की पिण्यासारखं होतं. क्लोरीनच्या गोळ्यांना अर्धा तास द्या, गढूळ पाणी आधी कापडातून गाळून घ्या, आणि लक्षात ठेवा की क्रिप्टोस्पोरिडियमसारखे जंतू क्लोरीनला दाद देत नाहीत, तर साध्या फिल्टरमधून विषाणू निसटतात. म्हणून मी फिल्टर आणि गोळी दोन्ही वापरते. पण न पिताही पाणी आजारी पाडतं. २००० साली बोर्निओतल्या साबाह प्रांतात 'इको-चॅलेंज' ही साहसी शर्यत झाली. ३०४ स्पर्धक होते. नंतर त्यांतल्या १८९ जणांशी संपर्क झाला तेव्हा ८० जणांना लेप्टोस्पायरोसिससारखा आजार झाल्याचं आढळलं; सेगामा नदीत पोहणं हे त्यामागचं ठळक कारण निघालं. हे लोक जगभरातले तगडे खेळाडू होते. जंतू प्राण्यांच्या मूत्रातून पाण्यात येतो आणि ओरखड्यांवाटे, डोळ्या-तोंडावाटे शरीरात शिरतो. म्हणजे पाण्यात मौजेने डुंबत बसू नका, जखमा झाका, आणि निघण्याच्या सहा-आठ आठवडे आधी प्रवासी आजारांच्या डॉक्टरांना भेटा. त्यांच्याशी लेप्टो आणि मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल बोला. गोळी जंगलात पहिल्यांदा घेऊ नका, घरीच घेऊन बघा, म्हणजे ती सोसते की नाही कळेल. पीतज्वराचा (यलो फीवर) धोका असलेल्या भागात जाणार असाल तर लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि काही देश तिचा दाखला सीमेवर मागतात.

इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: चालणं कमी, थांबणं लवकर, पाय कोरडे, नजर आधी वर, आणि वाटाड्या असा की जो नाही म्हणू शकतो. शेवटच्या दोन रात्रींचं आता बोलू, कारण तुमची खरी उत्सुकता तिथेच आहे.

त्या दोन रात्रींत खाण्याचा विचार डोक्यातून काढून टाका. निरोगी माणूस दोन दिवस उपाशी राहिला तर चिडचिडा होतो, बाकी काही होत नाही. सापळे लावण्यात आणि ओळख न पटलेली फळं चाखण्यात लोक जी ताकद घालवतात, ती त्यातून कधीच भरून येत नाही. क्रम असा: निवारा, पाणी, आग. निवाऱ्यात महत्त्वाचं म्हणजे जमिनीपासून वर झोपणं, मग ती काठ्यांची माची का असेना. पाण्यासाठी काही जाड वेली उपयोगी पडतात: आधी हात पुरेल तितक्या उंचावर काप, मग खालून तोडायची, म्हणजे पाणी वर चढून न जाता खाली ठिबकतं. पांढरा, चिकट किंवा कडू रस आला तर फेकून द्या. आणि कुठली वेल ते वाटाड्याने दाखवल्याशिवाय ठरवू नका.

आगीत सगळ्यांची फजिती होते. जमिनीवर पडलेलं लाकूड स्पंजासारखं असतं. उभं वाळलेलं, मनगटाएवढं झाड शोधा, साल आणि ओला थर तासून टाका, उभं फाडा. आतला गाभा कोरडा निघतो. त्याच्या अगदी बारीक ढलप्या करा, तुम्हाला पुरेशा वाटतात त्याच्या तिप्पट. खाली ओल्या काठ्यांची बैठक, वर ताडपत्री नाहीतर मोठी पानं. बोर्निओच्या जंगलात काही झाडांच्या बुंध्याशी राळेचे खडे सापडतात, ते भुरभुर पावसातही पेटतात. मी मात्र लबाडी करते आणि सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे खिशात ठेवते.

चुकलात तर? लोक चालताना क्वचित चुकतात, शौचाला गेल्यावर चुकतात. वीस पावलं आत, दोनदा वळणं, आणि तळ कुठल्या दिशेला ते कळेनासं होतं. मी तळापासून दोरी बांधून देते; ती धरून जायचं, धरून यायचं. लाज वाटायचं कारण नाही. दोरी नसताना चुकलात तर तिथेच बसा आणि शिट्टी तीन-तीनदा वाजवा. 'ओढ्याच्या कडेने खाली जा, वस्ती लागेल' हा सल्ला सगळ्यांना माहीत असतो. त्याच्यामागे १९७१ सालची एक खरी घटनाही आहे. पेरूमध्ये विमान कोसळल्यावर १७ वर्षांची युलियाना कोपके एकटीच वाचली आणि ओढ्याच्या प्रवाहाबरोबर जात ११ दिवसांनी माणसांपर्यंत पोचली. पण तिचे आईवडील प्राणिशास्त्रज्ञ होते, त्यांच्या जंगलातल्या संशोधन केंद्रावर ती राहिलेली होती, आणि ओढा माणसांकडे नेतो हे तिला वडिलांनी शिकवलं होतं. दुसऱ्या कुठल्या सखल प्रदेशात तोच ओढा दलदलीत नेऊन सोडतो. २०२३ मध्ये कोलंबियात विमान पडल्यावर चार भावंडं ४० दिवस जंगलात तगली. मोठी बहीण १३ वर्षांची, विमानातलं कसावा या कंदाचं पीठ आणि ओळखीच्या बिया-फळं यांवर तिने धाकट्यांना जगवलं. तिलाही जंगल घरातूनच शिकवलेलं होतं. शोध घेणारी हेलिकॉप्टरं त्यांच्या आजीचा आवाज ऐकवत होती: एका जागी थांबा. तुम्हाला शोधायला माणसं निघालेली असताना तुमच्यासाठीही तोच सल्ला.

आता कोयता. तिथला, स्थानिक लोक जो वापरतात तो. पाती त्या त्या जंगलाच्या लाकडाप्रमाणे घडलेली असते आणि वाटाड्याला ती घासून धार लावता येते. घरून महागडा चाकू नेऊ नका. पाहिजे ते घट्ट म्यान. चालताना कोयता वापरून लगेच म्यानात, कोयता लांब केल्यावर पोचेल त्याच्याही बाहेर दुसरा माणूस, घाव अंगापासून बाहेरच्या बाजूला, आणि थकल्यावर तासकाम बंद. तो गुडघ्यावर मारून घेणारा गृहस्थ दिवसभर उत्तम तोडत होता. संध्याकाळी, बसून, मांडीवर काठी धरून टोक काढताना घाव चुकला.

घरी काय करायचं ते तुमच्या 'जमेल ना' ला जोडूनच सांगते. बूट-मोजे बादलीत बुडवा, तसेच चढवा आणि दहा-बारा किलोचं ओझं घेऊन आठ किलोमीटर चाला. दुसऱ्या सकाळी न वाळलेले तेच बूट घालून पुन्हा चाला. पाय कुठे घासतात ते तिथेच कळेल, जंगलात नव्हे. झोळीत किमान तीन रात्री झोपा, जरा तिरकं झोपायचं म्हणजे पाठ सरळ राहते. पावसात ताडपत्री आणि झोळी बांधण्याच्या गाठी डोळे मिटून, ओल्या हातांनी बांधता येईपर्यंत घोका. दोन-तीन गाठी पुरतात. एका पावसाळी दिवशी बाहेरच्या लाकडावर चहा करून बघा. डास-किडे दूर ठेवणारं डीटवालं मलम लावणार असाल तर प्लॅस्टिकची घड्याळं आणि चष्मे जपा, ते प्लॅस्टिक विरघळवतं; कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक आधीच मारून वाळवून न्या.

दुसऱ्या सकाळच्या त्या ओल्या बुटांत पाय घालताना तुम्ही शिव्या घातल्यात आणि तरी निघालात, तर माझ्या गटात तुम्हाला जागा आहे. निघालाच नाहीत, तर आत्ता कळलं हे बरं; आधी तीन दिवसांची, तळावर राहून करायची फेरी करा. त्यात काही कमीपणा नाही, मी स्वतः तिथूनच सुरुवात केली.

आणि परत आल्यावर ताप आला, पहिल्या आठवड्यात नाही तर सहा महिन्यांनीही, तर 'हवा बदलली' म्हणून अंगावर काढू नका. डॉक्टरांना तोंड उघडून सांगा की मी वर्षावनात होतो, अमुक देशात, अमुक महिन्यात, नदीच्या पाण्यात उतरलो होतो, आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून मागा.